अंतराचा कंटाळा

आमच्या ऑफिसात एका आकड्याला सगळेजण 'कंटाळा' म्हणतात. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. अहवालात तेच लिहावं लागतं, पण तोंडाने कुणी उच्चारत नाही. कुठून कुठे किती बस सोडायच्या हे आमचं खातं ठरवतं, आणि ते ठरवायला आधी लोक कुठून कुठे जातात हे समजून घ्यावं लागतं. गणित तसं सोपं आहे. मोठं ठिकाण माणसाला जास्त ओढतं, लांबचं ठिकाण कमी ओढतं. अंतर वाढलं की ही ओढ किती झपाट्याने कमी होते, तो आकडा प्रत्येक वस्तीसाठी वेगळा काढायचा. आकडा लहान आला तर तिथली माणसं हौशी, उठसूट लांब जाणारी. मोठा आला तर घरकोंबडी. म्हणून 'कंटाळा'. हे नाव मी ठेवलं होतं. सात वर्षं मी त्याची टिमकी वाजवत फिरले, आता सांगायची लाज वाटते.

त्या सोमवारी मी साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवला, तेव्हा मात्र लाज-बिज काही नव्हती. शहरातल्या आणि आसपासच्या चौदा वस्त्या, प्रत्येकीसमोर तिचा कंटाळा. सगळे आकडे एक ते दीडच्या आसपास, आणि एकच वस्ती ओळ सोडून उभी. खाणीपलीकडची वस्ती. कंटाळा दोन पूर्णांक सात.

खाणीपलीकडची वस्ती शहरापासून अठरा किलोमीटरवर. मधे एक बंद पडलेली दगडाची खाण, तिचा वळसा घालणारा रस्ता, आणि बाकी काही नाही. घर नाही, दुकान नाही, झाडसुद्धा मोजून चार. सकाळी एक बस तिथून निघते, पावणेदहाला शहरातल्या हॉस्पिटलच्या रस्त्यावर येते आणि दुपारी चारला परत जाते. ती बस बंद करून आठवड्यातून एकदा सोडावी, असं मी लिहिलं होतं. कारणही लिहिलं होतं, एका वाक्यात. 'या वस्तीतील रहिवाशांची प्रवासाची इच्छाच अत्यल्प आहे.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं होतं. छान वाटलं होतं.

आता खरी गोष्ट सांगते. माझी आई त्याच वस्तीत राहते.

हे वाचून कुणाला वाटेल, काय बाई आहे ही, स्वतःच्या आईची बस बंद करायला निघाली! पण मला तसं वाटलंच नाही, कारण आई त्या बसने येते कधी? माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा. बाबा गेल्यावर ती धाकटीच्या घराजवळ राहायला गेली. धाकटी म्हणजे माझी सगळ्यात लहान बहीण. तिच्याकडे रोज जाते, सकाळी आणि परत संध्याकाळी. आणि आम्ही चौघं इकडे शहरात, एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. दादा, ताई, बापू आणि मी. बापू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जन्मल्यापासून चेहरा म्हाताऱ्यासारखा, म्हणून बापू. आमच्या चौघांकडे यायचं म्हटलं की आईला अठरा किलोमीटर आड येतात. मला वाईट वाटायचं. वाईट काय, रागच यायचा. लेकीच्या दाराशी दिवसातून दोनदा जाणारी बाई दुसऱ्या लेकीकडे दोन महिन्यांनी एकदा येते, याला मी काय म्हणायचं? मी त्याला कंटाळा म्हटलं आणि चौदा वस्त्यांच्या तक्त्यात तो छापला.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता दादाने सगळ्यांना त्याच्या घरी बोलावलं. विषय आई. दादा आमच्यात मोठा, आणि मोठेपण त्याला शर्टासारखं घट्ट बसतं. त्याने पंखा वाढवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आईचं आता वय झालंय. तिला येणं-जाणं झेपत नाही. मला तर वाटतं, तिला 'ये ये' म्हणून आपण उगाच संकोचात टाकतो."

"तुझ्याकडे तरी येते," ताई म्हणाली. "माझ्याकडे येते कुठे? मी मधली ना. मधल्यांना कोण विचारतं!"

"मधला मी पण आहे," बापू म्हणाला.

"माझ्याकडे येते? कुणी सांगितलं तुला?" दादा तडकला.

झालं, सुरू. कुणाकडे आई जास्त येते यावरून तासभर वाजलं असतं. वहिनी सरबताचे पेले घेऊन आली आणि दारातच थांबली. माझा स्वभाव असा की भांडण असो की पाहुणचार, एका जागी बसून होत नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. शेवटी मला राहवेना. दादाच्या टेबलावरचा कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि म्हटलं, "नावं लिहू नका. गेल्या वर्षभरात आई तुमच्याकडे किती वेळा आली, फक्त आकडा. खरा लिहा, आईची शपथ."

"आली मोठी सरकारी बाई," ताई म्हणाली, पण लिहिलं.

चार चिठ्ठ्या उघडल्या. सात, सहा, पाच, सहा.

इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचं ताट आपल्यापेक्षा भरलेलं आहे, आणि ताटं तर सारखीच निघाली. बापू हसायला लागला. ताईने डोळे पुसले. मी लगेच पाटीवर लिहिल्यासारखं जाहीर केलं, "सरासरी सहा. दोन महिन्यांतून एकदा. कुणावर अन्याय नाही."

"बघा," दादा म्हणाला, "म्हणजे माझं खरंच आहे. दोन महिन्यांतून एकदा जी बाई घराबाहेर पडते, तिला प्रवास झेपत नाही. मी धाकटीला फोन करतो. आईला आता एकटीला पाठवू नकोस म्हणून सांगतो. आपणच कधीतरी गाडी काढून जाऊ."

"जाऊ की," आम्ही म्हणालो. सुंठीवाचून खोकला गेला अशा समाधानाने सगळ्यांनी पेले रिकामे केले. सरबत लिंबाचं होतं. लिंबं आईच्या दारातल्या झाडाची. ताईच्या घरी त्या वेळी तसल्याच लिंबांचं लोणचं मुरत होतं, बापूच्या फ्रिजमधे अर्धा डझन पडली होती, आणि माझ्याकडे टोपलीभर. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि त्यातली एक बाई पोटापाण्यासाठी हेच काम करते.

गुरुवारी सकाळी मी चप्पल घालत होते, तेवढ्यात धाकटीचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"काय काढलंय हे तुम्ही लोकांनी? दादा म्हणतो आईला पाठवू नकोस. तिला थांबवायला मी काय दोर बांधू?"

"अगं, तिला झेपत नाही म्हणून..."

"कुणाला झेपत नाही? तिच्या पायाला भिंगरी आहे! दर दुसऱ्या शुक्रवारी पहाटे उठून लिंबं पुसत बसते. गेल्या वर्षात दोनदा गुडघा सुजला तेव्हा तेवढी राहिली, नाहीतर एक शुक्रवार चुकला नाही. उद्या परत निघालीये."

"दर दुसऱ्या शुक्रवारी? कुठे जाते?"

धाकटी म्हणाली, "कुठे म्हणजे? तुमच्याकडे. दुसरं आहे काय तिला तिकडे?"

मी फोन ठेवला आणि एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिले. वर्षात दर दुसरा शुक्रवार म्हणजे सव्वीस. त्यातून दोन वजा, चोवीस. सात, सहा, पाच आणि सहा, चोवीस. मी भागाकार केला होता. करायची होती बेरीज.

आई दोन महिन्यांतून एकदा येत नव्हती. पंधरा दिवसांनी येत होती. पण पावणेदहा ते चार या वेळेत एकाच घरी जात होती, कारण चार घरी चार घास खाल्ले की कुणाकडेच जेवली नाही असं होतं, आणि मग चौघंही रुसतात. निघताना दर वेळी मला म्हणायची, "मी आलेली बाकीच्यांना सांगू नकोस गं, कामं टाकून धावत येतील." मला वाटायचं, हे फक्त मला सांगते. तेवढ्यापुरतं बरंही वाटायचं. चौघांनाही तसंच बरं वाटत असणार. प्रत्येकाने आपल्याच दारावरची थाप मोजली आणि आई कंटाळते असं ठरवून टाकलं.

आणि मग ऑफिसातलं टेबल माझ्या डोळ्यांसमोर आलं.

हॉस्पिटलच्या रस्त्यावर सहा हॉस्पिटलं आहेत. एकाच्या दारातून दुसऱ्याची पाटी वाचता येते. माझ्या तक्त्यात त्या सहा वेगळ्या ओळी होत्या, सहा वेगळी ठिकाणं, प्रत्येकाचं अंतर अठरा किलोमीटर. खाणीपलीकडच्या वस्तीतून मोजणीच्या दीड महिन्यात एकेका हॉस्पिटलात तीनशे, तीनशे वीस, दोनशे नव्वद असे लोक आलेले. आणि वस्तीतल्याच छोट्या दवाखान्यात एकोणीसशे. जवळ एकोणीसशे, लांब तीनशे. गणिताने त्यावरून निवाडा दिला की अंतर वाढताच या लोकांचे पाय गळतात. आणि मी तो निवाडा मान खाली घालून उतरवून घेतला. पण पाठदुखीने हैराण झालेला माणूस काही सहाही हॉस्पिटलांत जात नाही. तो 'शहरात' जातो, आणि तिथे गेल्यावर सहांतलं एक दार उघडतो. एका रांगेतली सहा दारं म्हणजे सहा प्रवास नव्हेत.

मी रिक्षात बसूनच बेरीज केली. अठराशे साठ. जवळच्या दवाखान्यात जेवढे, जवळजवळ तेवढेच अठरा किलोमीटरवर. कसला कंटाळा आणि कसलं काय!

साडेनऊला मी साहेबांच्या खोलीत होते. साहेब मितभाषी. पेन्सिलीला टोक करत ऐकतात आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत टोक सुईसारखं झालेलं असतं.

"शुक्रवारी अकराला समितीची बैठक आहे," ते म्हणाले. "अहवाल गेला सगळ्यांकडे."

"तक्ता चुकलाय."

"बेरीज चुकली?"

"नाही, आकडे बरोबर आहेत. अर्थ चुकलाय. एकमेकांशेजारची ठिकाणं माणसं वाटून घेतात, हे गणितात धरलंच नव्हतं. मला एक रकाना वाढवायचाय. प्रत्येक हॉस्पिटलाच्या आसपास चालत जाता येईल अशी आणखी किती आहेत, असा. शेजाराचा रकाना."

"आणि तो घातला की त्या वस्तीचा आकडा उतरेल."

"उतरेल असं वाटतं."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमच्या आई तिथेच राहतात ना?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तरी कान तापले. "राहतात. त्यामुळे चूक दिसली. पण चूक त्यांच्यामुळे झालेली नाही, माझ्यामुळे झालीय. शिवाय मी चौदाही वस्त्यांना तोच रकाना लावेन, एकटीला नाही. मग आकडा चढू दे नाहीतर उतरू दे."

"उद्या कुणी म्हणालं की आकडा आवडला नाही म्हणून बाईंनी गणित बदललं?"

"तर त्यांना दोन्ही तक्ते शेजारी शेजारी दाखवीन."

"दाखवा," साहेब म्हणाले. "मात्र उभं तुम्हीच राहायचं. मी सही केली होती एवढंच मी सांगेन."

दिवसभर मी त्या रकान्यामागे लागले. मधेच उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. शेजारच्या टेबलावरचा नकाशे काढणारा शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही बसा तरी नाहीतर चालायला तरी जा, माझी रेघ हलतेय." मी जिन्यावर जाऊन दोन मजले उतरले आणि चढले. मला आकड्याची भीती वाटत होती. समजा रकाना घातला आणि तरीही आकडा दोन पूर्णांक सातच राहिला, तर? तर ती बस बंद, आणि तीही माझ्याच हाताने, या वेळी जाणूनबुजून.

साडेतीनला उत्तर आलं. खाणीपलीकडची वस्ती, एक पूर्णांक तीन. बाकीच्या तेरांच्या रांगेत गुपचूप जाऊन बसलेली. उलट शहराच्या मध्यावरच्या दोन वस्त्यांचा आकडा थोडा चढला. त्यांच्या दाराशीच दवाखान्यांची गर्दी, तिथेही माणसं वाटली जातात, म्हणून जवळच्या एकेका दारात माणसं कमी दिसायची आणि ती मंडळी उगाच हौशी वाटायची. त्या दोनांपैकी एका वस्तीत आम्ही चौघं भावंडं राहतो. हे मी वाचलं आणि पुढे गेले. तेव्हा थांबायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊलाच मी हॉस्पिटलच्या रस्त्यावरच्या थांब्याशी जाऊन उभी राहिले. सात वर्षांत मी या थांब्यावर एकदाही आले नव्हते. नकाशावर तो लाल ठिपका होता. इथे एक मोडका बाक होता, आणि त्यावर एक कुत्रं झोपलेलं.

बस आली. मी वही काढून मोजायला लागले. एकेचाळीस माणसं उतरली. काठी टेकत एक म्हातारा, त्याच्या मागे मुलाला खांद्यावर टाकलेली बाई, हाताला प्लास्टर घातलेला गवंडी. थांब्यापासून वीस पावलं सगळे एकत्र चालले आणि मग फुटले, कुणी या फाटकात, कुणी त्या फाटकात. मी पाचव्या हॉस्पिटलच्या पायरीवर उभी असते तर मला सहा-सातच माणसं दिसली असती.

आई सगळ्यात शेवटी उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरलेला. उजवा पाय आधी खाली, मग डावा, मग श्वास. एवढ्यात तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यासारखा.

"तू कशी इथे? काही झालंय का?"

"काही नाही झालं. तुला घ्यायला आले."

"अगं पण..." ती अवघडली. पिशवी या हातातून त्या हातात. "आज तुझी पाळी नाही. आज ताईची."

मला हसू आलं. "पाळी?"

"मग! दादा, ताई, बापू, तू. परत दादा. बापूच्या घराला एकदा कुलूप होतं तेव्हा दादाकडे गेले, तेवढाच घोळ झाला." ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुला वाईट नाही ना वाटलं? त्याला एक जास्त मिळाला."

सात आणि पाच. मी रस्त्यातच उभी राहून मान हलवली, वाईट नाही वाटलं म्हणून. चोवीस वेळा ही बाई पहाटे उठली, अठरा किलोमीटर बसमधून हादरत आली, कुणाला कमी-जास्त होऊ नये म्हणून मनात रांग लावत राहिली, आणि आम्ही चौघांनी सरासरी काढली. मला माझीच चीड आली.

"आई, तुला कंटाळा नाही येत?"

"कशाचा?"

"एवढ्या लांब यायचा."

"लांब आहे खरं," ती म्हणाली. "पण तुम्ही आहात ना इथे." मग घड्याळाकडे बघून, "सोड मला आता. ताई वाट बघत असेल, काल फोन केला तर तिने अर्धी रजा टाकलीय."

मी तिला रिक्षात बसवलं आणि धावत बैठक गाठली.

समितीच्या अध्यक्षबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अजूनही समोरच्याची वही तपासत असल्यासारख्या बघतात. मी दोन तक्ते भिंतीवर लावले. काय चुकलं ते सांगितलं, कुणाची चूक तेही सांगितलं. आई तिथे राहते हेही, कुणी विचारायच्या आत. साहेबांनी आपली सही असल्याचं एका वाक्यात सांगितलं. सकाळी मोजलेली एकेचाळीस माणसं मी सांगितली आणि थांबले.

एक सदस्य म्हणाले, "म्हणजे हे लोक प्रवासाला नाखूश नाहीत."

"आपल्याइतकेच खूश किंवा नाखूश आहेत," मी म्हटलं. "फक्त त्यांच्यासाठी सगळं एकाच दिशेला, एकाच रस्त्यावर आहे. आम्ही नकाशाचा आकार मोजला आणि त्यांचा स्वभाव म्हणून लिहिला."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "बस चालू ठेवा. सहा महिन्यांनी नव्याने मोजा, या रकान्यासकट." माझे खांदे सैल झाले. मी तक्ते काढायला वळले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. ही बस इकडून तिकडे, म्हणजे शहरातली माणसं त्या वस्तीत, किती घेऊन जाते? परतणारे सोडून."

तो आकडा माझ्याकडे होता. आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून मी पाहिला नव्हता. पानं उलटली. "दिवसाला एक. कधी दोन."

"आणि तिकडे काय सहा-सहा ठिकाणं आहेत, माणसं वाटून घ्यायला?"

"नाही."

"मग तिथे तुमचा शेजाराचा रकाना रिकामा."

"हो."

"म्हणजे हा कंटाळा खरा आहे," बाई म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, गणित पुढे न्यायचं होतं. "फक्त तो शहराचा आहे." आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

मी खुर्चीत बसले. पुढे कशावर चर्चा झाली मला आठवत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर एक रेघ मारली आणि लिहायला लागले. दादा, गेल्या वर्षात आईकडे किती वेळा? एकदा, गाडी नवीन होती तेव्हा. ताई, शून्य. बापू, शून्य, त्याला खाणीच्या वळणावर मळमळतं. मी? मी एकदा. कुठल्याशा कागदावर आईची सही हवी होती, तासाभरात परत फिरले होते. बेरीज दोन. इथे भागाकाराची पळवाट नव्हती. तिकडे एकच दार होतं, आणि त्या दाराने चौघांत मिळून दोन थापा ऐकल्या होत्या. रस्ता तोच, अठरा किलोमीटर तेच.

पावणेचारला मी थांब्यावर पोचले. ताई आईला सोडून परत फिरत होती. मला बघून तिने भुवया उंचावल्या. मी तिला म्हटलं, "संध्याकाळी दादाकडे जा आणि त्या चार चिठ्ठ्यांची बेरीज करा. सरासरी नाही, बेरीज. मग दुसऱ्या चार चिठ्ठ्या करा. आपण आईकडे किती वेळा गेलो त्याच्या." ताई काहीतरी बोलणार होती. मग बहुतेक मनातल्या मनात तिने स्वतःचा आकडा पाहिला, कारण ती तशीच वळून चालायला लागली.

आई खिडकीशी बसली होती. मी बसमधे चढले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. सकाळची माणसं परत आपापल्या जागी होती, काठीवाला म्हातारा, खांद्यावर मूल घेतलेली बाई. हात उघडा झालेला गवंडी मनगट फिरवून बघत होता.

"अगं उतर, सुटेल आता," आई म्हणाली.

"सुटू दे."

"ही तिकडे जाते."

"माहीत आहे. बस बंद होणार होती आई. मीच करणार होते."

आईला ते नीट कळलं नाही. किंवा कळलं, पण तिला त्याहून महत्त्वाचं काहीतरी सुचलं होतं. ती एकदम उठायलाच लागली, मी तिचा हात धरून बसवलं तरी तिची चुळबुळ थांबेना.

"अगं पण परतीची बस थेट उद्या सकाळी," ती म्हणाली. "रात्री राहावं लागेल तुला."

"राहीन."

बस निघाली. आईने मांडीवरची रिकामी पिशवी घडी घातली, उलगडली, परत घडी घातली. खाणीचं वळण आलं तेव्हा तिने विचारलं, "खरंच राहशील?" मी हो म्हटलं. चारेक किलोमीटर पुढे गेल्यावर पुन्हा विचारलं, आणि वस्तीची पहिली घरं दिसायला लागल्यावर आणखी एकदा.